आमच्या घरातील वारणेचा तह

जन्मजात वैराविषयी पाणिनीने आपल्या व्याकरणात एक मौजेचा नियम घालून ठेवला आहे. ज्या प्राण्यांचे वैर कायमचे, त्यांच्या नावांचा द्वंद्व समास केला असता तो एकवचनी होतो. साप आणि मुंगूस, मांजर आणि उंदीर ही त्याची ठरलेली उदाहरणे. शाळेत असताना आम्ही हा नियम घोकून गुण मिळवले. परंतु एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोघांना एकाच पदात, एकाच प्रत्ययाच्या छपराखाली कोंडणाऱ्या त्या मुनीला त्यांना नांदवावे कसे हेही ठाऊक होते काय, ही शंका तेव्हा आमच्या मनाला शिवली नाही. ती शिवली २०१८ सालच्या जून महिन्यात. आमची आत्या आपले मांजर घेऊन साताऱ्याहून सांगलीस आमच्याकडे कायमची राहावयास आली, आणि आमच्या घरी आधीपासून दोन कुत्री होती.

आत्या साताऱ्यास मुलींच्या एका शाळेत इतिहास शिकवीत असे. यजमान ऐन तारुण्यात गेले, मूलबाळ नाही. यादोगोपाळ पेठेतील एका जुन्या वाड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत तिने चाळीस वर्षे काढली होती. वाडा पाडावयाचा ठरला तेव्हा तिचे वय सत्त्याहत्तर होते. ‘आमच्याकडे चल’ असे आम्ही पूर्वी दहादा म्हटले होते आणि दहादा तिने हसून ते बाजूस सारले होते. या खेपेस ती लगेच ‘येते’ म्हणाली. फक्त तिची एक अट होती. काशी बरोबर येईल.

काशी म्हणजे तिची सात वर्षांची करड्या पट्ट्यांची मांजरी. “काशीयात्रा काही माझ्या हातून घडत नाही, तेव्हा काशीलाच घरी आणून बसवली,” असे नावाचे स्पष्टीकरण ती येणाऱ्याजाणाऱ्यास देत असे. आम्ही त्या अटीस आनंदाने मान डोलावली. कुत्र्यांचा विचार आमच्या मनात आला नाही असे नाही. तो आला आणि ‘होईल हळूहळू सवय’ या तीन शब्दांनी आम्ही त्याला वाटेस लावले. पुष्कळशा संसारांचे नुकसान या तीन शब्दांनी केलेले आहे.

साताऱ्याहून निघताना आत्येने गाडी प्रथम माहुलीस घ्यावयास लावली. कृष्णा आणि वेण्णा यांचा तेथे संगम आहे, आणि साताऱ्याच्या राजघराण्यातील मंडळींच्या समाध्याही तेथेच आहेत. त्यांत खंड्या नावाच्या एका कुत्र्याची समाधी आहे. सातारा शहर ज्यांनी वसवले त्या शाहू महाराजांचा हा लाडका कुत्रा. शिकारीत वाघापासून त्याने महाराजांचा जीव वाचवला, म्हणून महाराजांनी त्याच्या नावे जहागीर लिहून दिली आणि त्याला पालखीचा मान दिला. ग्रँट डफनेही आपल्या मराठ्यांच्या इतिहासात ही हकीकत सांगितली आहे. एकदा महाराजांनी कुत्र्याला जरीचा पोशाख आणि जवाहीर घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली आणि त्या थाटात दरबारी पाहुण्याची भेट घेतली, असेही तो लिहितो. आत्येने संगमावर पाय धुतले, समाध्यांना नमस्कार केला आणि गाडीत येऊन बसली. वेताच्या टोपलीत, धाबळीखाली, काशी घाटापासून ओरडत होती ती कऱ्हाड मागे पडेपर्यंत ओरडत राहिली. “जहागीरदाराला वास आला असेल तिचा,” आत्या म्हणाली. तिने हे थट्टेने म्हटले. परंतु टोपलीवरचा तिचा हात सांगली येईपर्यंत हलला नाही.

आता आमच्या कुत्र्यांविषयी. धाकटा भाला, मुधोळ जातीचा, त्या वेळी दोन वर्षांचा. मुधोळ आज कर्नाटकात असले तरी आमच्या सांगलीकडे या कुत्र्यांना परके कोणी मानीत नाही. जत-कवठेमहांकाळच्या माळावर ती पिढ्यान् पिढ्या सशामागे धावली आहेत. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जोपासून नावारूपास आणली आणि तिची एक जोडी पाचव्या जॉर्ज बादशहांस भेट दिली. २००५ साली भारतीय टपाल खात्याने या कुत्र्याचे तिकीटही काढले. लांबट तोंड, खोल छाती, आवळलेले पोट आणि धनुष्यासारखी पाठ. इतर कुत्री नाकाने शिकार हुडकतात. मुधोळ डोळ्याने हुडकतो. शे-दीडशे पावलांवर काही हलले की याच्या अंगातून वीज जाते, आणि मग हाक ऐकू येत नाही. सशाची शिकार आता कायद्याने बंद आहे. पण कायदा कुत्र्याच्या डोळ्यांपर्यंत पोचत नाही. थोरला टिप्या गावठी, पाच वर्षांचा, रस्त्यावरून आपण होऊन आमच्या घरी नोकरीस राहिलेला. तो स्वतः कोणाच्या वाटेस जात नसे. परंतु भाला धावला की भुंकून दंगलीचे वातावरण तयार करणे हे आपले कर्तव्य समजत असे.

आत्या येऊन दोन घटका झाल्या नाहीत तोच आम्ही काशीचा आणि कुत्र्यांचा परिचय करून देण्याचे ठरवले. ‘आम्ही’ या सर्वनामाची सोय अशी की त्यात दोष वाटून घेता येतो. नेमकी कोणाची ही कल्पना, याची चौकशी घरात पुढे बरेच दिवस चालू होती. भाल्याचा पट्टा आम्ही हाताने धरला आणि माजघराच्या मध्यभागी टोपलीवरची धाबळी दूर केली. नाट्यकलेचे माहेरघर म्हणवणाऱ्या गावात असा प्रवेश क्वचितच इतक्या वेगाने संपला असेल. काशी फुगून दुप्पट झाली, एक फूत्कार टाकून अंगणाकडे निघाली, आणि ती पळाली त्या क्षणी पट्टा आमच्या हातात राहिला आणि कुत्रा राहिला नाही. तुळशीवृंदावनापाशी त्याने तिला गाठले. तिची मागची मांडी फाटली. त्याचे नाक तिने उभे चिरले. टिप्या भुंकत होता, आम्ही ओरडत होतो, आणि आत्या उंबऱ्यात उभी होती, एक अक्षर न बोलता.

गुरांच्या डॉक्टरांनी मांडीला सात टाके घातले. आम्ही परत आलो तो आत्येची ट्रंक ओसरीवर आलेली. “अरे, मला उद्या साताऱ्यास पोचव,” ती म्हणाली. कोठे पोचवणार? खोल्यांची कुलपे तिने त्याच सकाळी मालकाच्या हवाली केली होती. तिलाही हे ठाऊक होते आणि आम्हांसही. त्या रात्री घरात कोणी नीट जेवले नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी कारभार हाती घेतला. त्या एकट्याच डॉक्टरांकडे जाऊन आल्या आणि येताना सूचनांचा एक कागद घेऊन आल्या. डॉक्टरांचे म्हणणे थोडक्यात असे होते. मांजर पळते म्हणून कुत्रा धावतो, आणि कुत्रा धावतो म्हणून मांजर पळते. हे चक्र एकदा सुरू झाले की कोणाचा स्वभाव चांगला नि कोणाचा वाईट याला अर्थ उरत नाही. तेव्हा पहिले काम म्हणजे हे चक्र सुरूच होऊ न देणे. निदान तीन आठवडे दोघांनी एकमेकांस पाहू नये. मात्र वास मिळावा. यांचे अंथरूण त्यांच्याकडे, त्यांचे यांच्याकडे. मग बंद दाराच्या दोन बाजूंस दोघांची जेवणे, म्हणजे शत्रूचा वास आणि जेवणाचे सुख यांची मनात गाठ पडते. पुढे जाळीआडून दर्शन, कुत्रा दोरीला बांधलेला, नजर वळवली की खाऊ. मांजराला उंच जागा हवी आणि पळून जाण्यास वाट हवी. वाट असली म्हणजे पळावे लागत नाही. आणि तिघांनाही रेबीजची लस वेळेवर. शेवटी डॉक्टरांनी आपल्या हाताने एक ओळ जोडली होती: मैत्रीची घाई नको.

घर आमचे गावभागात, दुमजली, जुन्या पद्धतीचे. मध्ये एकच लाकडी जिना. आत्येची खोली खाली, देवघराशेजारी लावली होती, कारण तिचे गुडघे दुखत. पण वर जाण्यावाचून काशीला सुरक्षित जागा नव्हती, आणि काशी वर तर आत्या वर. आम्ही भीत भीत हे सुचवले. ती उठून जिना पाहून आली. प्रत्येक पायरीवर तिने हात टेकला. परत येऊन म्हणाली, “सोळा आहेत. वारणेचा तह करून टाकू.”

वाचकांस स्मरत असेलच; तरी आत्येने त्या सायंकाळी जो पाठ आम्हांस दिला तो येथे थोडक्यात देतो. शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजी महाराज हे चुलतभाऊ. दोन गाद्या, एक वारसा, वीस वर्षांचा कलह. १७३० साली लढाई होऊन कोल्हापूरकरांचा मोड झाला. पुढे दोघां भावांची भेट झाली आणि १७३१ च्या एप्रिलात तह ठरला. वारणा नदी ही हद्द. उत्तरेस सातारा, दक्षिणेस कोल्हापूर. ती वारणा आमच्या सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेस मिळते. संगमेश्वराच्या घाटावर उभे राहिले की दोन्ही पाणी दिसते. “मुलींना मी नेहमी सांगत असे,” आत्या म्हणाली, “त्या तहाने भाऊ भाऊ झाले नाहीत. पण पुन्हा लढाई झाली नाही. परीक्षेत मुली ‘दिलजमाई झाली’ असे लिहीत, मी अर्धा गुण कापत असे.”

सुताराने जिन्याच्या तळाशी कमरेइतके जाळीचे फाटक बसवले. त्याला खाली एक चौकोनी भोक, काशीला पुरेल आणि टिप्याच्या डोक्यालाही न पुरेल असे. खालचा मजला कुत्र्यांचा, वरचा काशीचा. जिना वारणा.

पुढचे चार महिने आम्ही खरोखर एक नवीन भाषा शिकलो. कुत्र्याचे शेपूट हलले की सलोखा, मांजराचे हलले की संताप. कुत्र्याने पंजा उचलला तर तो खेळावयास बोलावतो. मांजराने उचलला तर पुढचा क्षण रक्ताचा आहे. कुत्रा उताणा पडला तर शरण आला, मांजर उताणे पडले तर त्याची चारी शस्त्रे मोकळी झाली. असे दोघे समोरासमोर आले तर गैरसमज न होईल तरच नवल! २००८ साली तेल अवीव विद्यापीठातील दोन अभ्यासकांनी एका छपराखाली राहणाऱ्या कुत्र्यामांजरांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. लहानपणी एकत्र आलेली जनावरे बहुधा परस्परांची ही भाषा शिकतात असे त्यांस आढळले, आणि घरात मांजर आधी आणि कुत्रा मागून आला असेल तर ते अधिक सोपे जाते. आमच्याकडे सगळेच उलटे होते. कुत्री आधीची, मांजर मागाहून आलेले, आणि तिघेही वयाने घोडे.

तरी भाल्याने हळूहळू जाळीशी बसणे सोडून दिले. काशी सातव्या पायरीवर बसू लागली, मग पाचव्या. सकाळी कुत्री कृष्णेच्या घाटावर फिरावयास गेली की ती खाली उतरे, अंगण हुंगून येई, वृंदावनाला वळसा घाली आणि फाटकाची कडी वाजण्यापूर्वी वर पोचे. पॉल लायहाउझेन या जर्मन पंडिताने मांजरांविषयी हेच लिहून ठेवले आहे. एकच वाट अनेक मांजरे वापरतात, मात्र वेगवेगळ्या वेळी, आणि वाटेवर कोणी आहे असे दिसले तर थांबून राहतात. मनुष्यजातीला हे एवढे साधले असते तर दिवाणी न्यायालयांत शुकशुकाट झाला असता.

येथे एक घरगुती गोष्ट सांगावयाची की नाही याचा आम्ही बराच विचार केला. आत्या आल्यापासून स्वयंपाकघरात एक शांत तणाव होता. साताऱ्याची आमटी आणि सांगलीची आमटी, चहात साखर आधी की मागून, फोडणीत लसूण की नाही. शब्द कोणीच बोलत नसे, भांडी मात्र थोडी जोरात ठेवली जात. काशीला दूध कोमट लागते या निमित्ताने वर एक लहान शेगडी गेली. दुधापाठोपाठ आत्येचा सकाळचा चहा वर होऊ लागला, मग एकादशीचे वरीचे तांदूळ, मग कधीमधी ती आमटी. खाली भांड्यांचा आवाज कमी झाला. दुपारी चारला सौभाग्यवती चहाचे दोन पेले घेऊन वर चढत, आत्या सावकाश खाली उतरे, आणि सुमारे आठव्या पायरीवर दोघी बसत. तेथे काय बोलणे होई हे आम्हांस कधीच कळले नाही. आम्ही जवळ गेलो की ते थांबे. डॉक्टरांच्या कागदाची घडी त्या दिवसांत सौभाग्यवतींच्या वहीत असे, एवढे आम्ही पाहिले होते.

भाल्याविषयी आत्येच्या मनात राग असेल असे आम्हांस वाटे. ती दत्तसंप्रदायी, औदुंबरची वारी तिने कित्येक वर्षे केली होती, आणि दत्ताच्या तसबिरीत पायांशी चार कुत्री असतातच. रोज फूल वाहताना ती तसबिरीतल्या त्या चौघांकडे बघे आणि मग खाली फाटकाशी निजलेल्या भाल्याकडे. एक दिवस म्हणाली, “पाचवा जागा मागतो आहे.” दुसऱ्या दिवसापासून जाळीतून अर्धी पोळी त्याला मिळू लागली.

तह असा एक वर्ष पाळला गेला. मग २०१९ चा ऑगस्ट आला.

कोयनेच्या आणि कृष्णेच्या खोऱ्यात त्या वर्षी जुलैच्या अखेरीपासून पाऊस थांबेना. सांगलीकर आयर्विन पुलावरची पातळी पंचांगासारखी वाचतात. चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसावर धोका. गावभागातील लोक २००५ च्या खुणा दाखवून एकमेकांस धीर देत होते. त्या साली आमच्या माजघरात गुडघ्याएवढे पाणी आले होते, तेव्हा सामान कमरेच्या वर ठेवले की झाले, असा आमचा हिशेब. या खेपेस पाणी सत्तावन्न फुटांच्या वर गेले. माजघरात पुरुषभर पाणी झाले. अंधार पडत असता फाटकाचा वरचा कठडा पाण्याखाली गेलेला आम्ही जिन्यावरून पाहिला. “साताऱ्याहून माझ्या मागोमाग आली बघ,” आत्या कृष्णेला उद्देशून म्हणाली, आणि मग कोणी काही बोलले नाही.

वर दोन खोल्या आणि मागे उघडी गच्ची. त्यात आम्ही उभयता, आत्या, दोन कुत्री, एक मांजर, गॅसची टाकी, भडंगाचा डबा, पिण्याच्या पाण्याच्या कळशा आणि तळमजल्यावरून वर फेकता आले ते सगळे. दुसऱ्या दिवशी नाव आली. नावेतल्या मंडळींनी जनावरांना जागा नाही असे सांगितले. गल्लीत आजारी माणसे आणि तान्ही मुले वाट पाहत असताना त्यांनी दुसरे काय सांगावे? सौभाग्यवतींनी आत्येला एकटीला तरी जाण्याचा आग्रह केला. आत्येने मान हलवली. “मी एकदा घर सोडले आहे,” एवढेच म्हणाली. नाव पुढच्या घराकडे गेली. आम्ही तिला दोष देत नाही. परंतु त्या क्षणी आम्ही रागावलो होतो, आणि तो राग मांजरावर होता हे कबूल केले पाहिजे.

पहिल्या रात्री काशी कोठेच बसेना. भिंतीकडेने फिरे, उडी मारण्यासाठी अंग आवळी आणि पुन्हा सैल सोडी. भाला पलीकडच्या खोलीत खाटेच्या पायाला बांधलेला, थरथरत, तिचा प्रत्येक पाय मोजीत होता. आमच्या लक्षात काही येत नव्हते. मध्यरात्री सौभाग्यवती एकदम उठून बसल्या. “अहो, तिची जागा आपणच घेतली आहे.” खरेच होते. कपाटाचा माथा ही काशीची वर्षभराची गादी. आणि पाणी चढू लागले तेव्हा आम्ही खालची सगळी मासिके, वीस-बावीस वर्षांचे बांधीव गठ्ठे, त्या कपाटावर नेऊन रचले होते. कंदिलाच्या उजेडात आम्ही ते एकेक उतरवून जमिनीवर ठेवले. काशी क्षणात वर गेली आणि भिंतीला पाठ लावून बसली. पहाटे टिप्याने त्यांतल्या खालच्या दोन गठ्ठ्यांवर पाय वर केला. कृष्णेने न केलेले वाङ्मयाचे नुकसान टिप्याने केले. त्यांत आमचेच तीन लेख होते, म्हणून आम्ही त्यास टीका समजलो.

तिसऱ्या रात्री आत्येला थंडी वाजून ताप आला. औषधाची पेटी वर आणली होती ती एक बरी गोष्ट. अंगावर होते तेवढे पांघरूण घातले, तरी तिचे दात वाजत होते. ती मधल्या दाराशी, म्हणजे दोन खोल्यांच्या उंबऱ्याला लागून, निजली होती. भाल्याच्या दोरीची लांबी आम्ही मोजून ठेवली होती आणि ती तिच्या अंथरुणापर्यंत पोचत होती. काशी कपाटावरून उतरली. टपकन उडी नाही; आधी खुर्ची, मग पाट, मग जमीन, जणू म्हातारे माणूस जिना उतरते आहे. ती सरळ अंथरुणाकडे निघाली. भाला उठला. कान उभे, मान पुढे. दोरी ढिली होती. ती आवळण्यासाठी हात पुढे करावा तर त्या हालचालीनेच काशी पळेल, आणि पळाली की सगळे संपले. आम्ही कंदील हातात घेऊन श्वास रोखून बसलो.

दोघांत हातभर अंतर उरले तेव्हा काशी थांबली. शेपूट बाटलीच्या बुरशासारखे झाले. तिने एक लहानसा फूत्कार टाकला, आणि मग, आमचा आजही विश्वास बसत नाही, ती तेथेच खाली बसून आपला पंजा चाटू लागली. भाल्याच्या सगळ्या अंगाला कापरे भरले होते. पळणारे काही त्याच्यापुढे नव्हते. बसलेल्या मांजराचे काय करतात हे त्याला कोणी शिकवले नव्हते. त्याच्या पूर्वजांनाही नसावे. बऱ्याच वेळाने त्याने तोंड दुसरीकडे फिरवले, एक मोठा सुस्कारा टाकला आणि दोरीवरच अंग टाकून दिले. काशी उठून आत्येच्या पांघरुणात शिरली. रात्रभर उंबऱ्याच्या एका बाजूस तो आणि एका बाजूस ती, मधे आत्येचे पाय.

पाणी ओसरावयास आणखी तीन दिवस लागले. भिंतींवर चिखलाची रेघ डोक्याच्या उंचीवर राहिली. फाटक बिजागरीतून निखळून तुळशीवृंदावनाला अडकलेले सापडले.

ही हकीकत ज्यांना आम्ही सांगितली, त्यांनी पुढचा भाग स्वतःच पुरा केला. ‘मग काय, गट्टी झाली असेल,’ असे ते म्हणत. झाली नाही. घर धुऊन आम्ही खाली उतरलो त्याच आठवड्यात काशी एका खारीमागे अंगणात धावली, भाला काशीमागे धावला, आणि ती वृंदावनावर चढली म्हणून वाचली. आत्या वरच्या खिडकीतून पाहत होती. “अर्धा गुण कापा,” ती म्हणाली. आम्ही त्याच दिवशी सुताराला निरोप धाडला. फाटक तेच, जाळी नवी, भोक पूर्वीइतकेच. एक बदल मात्र झाला होता. घरात, छपराखाली, काशी चालत असेल तर भाला तिच्याकडे पाहण्याचे टाळू लागला. पाहिले की आपल्याकडून काय होते हे त्याला ठाऊक असावे, अशा रीतीने तो तोंड फिरवी.

२०२२ च्या जानेवारीत आत्या गेली. शेवटचे दोन महिने तिला जिना चढवत नव्हता. तेव्हा तिची खाट खाली, देवघराशेजारी, पूर्वी ठरवलेल्या खोलीत आणली होती आणि काशीला तिच्यापर्यंत पोचता यावे म्हणून दुपारी दोन ते पाच कुत्री मागच्या पडवीत ठेवण्याचा नवा करार झाला होता. सौभाग्यवती त्या वेळात कधी घराबाहेर गेल्या नाहीत. अस्थी तिने सांगून ठेवल्याप्रमाणे माहुलीस नेल्या. कृष्णेच्या पाण्यात त्या सोडताना आमच्या मनात आले की हे पाणी उद्या-परवा आपल्या घरावरूनच जाणार. परत येताना खंड्याच्या समाधीवर एक फूल ठेवले. कोणी सांगितले नव्हते.

काशी आता चौदा वर्षांची आहे. तिला कमी ऐकू येते आणि उडी जमत नाही. टिप्या गेल्या पावसाळ्यात वारला. भाला नऊ वर्षांचा आहे. तोंड पांढरे झाले आहे, मागचे पाय थंडीत आखडतात, तरी अंगणात काही हलले की मान अजून तशीच वर होते. दुपारी दोन वाजले की तो आपण होऊन उठतो आणि पडवीत जाऊन बसतो. फाटक उघडे असते. काशी एकेक पायरी उतरून देवघराशेजारच्या त्या खोलीत जाते, जेथे आता नुसती खाट आहे, आणि पाचपर्यंत तेथे निजते. चारला सौभाग्यवती चहाचा एक पेला घेऊन आठव्या पायरीवर बसतात. आम्ही अद्याप तेथे जात नाही.